बुधवारी दुकान बंद ठेवा आणि रत्नागिरीला जा

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून महत्त्वाचा भाग तेवढा देते.

"मी पंचेचाळीस वर्षांची आहे. पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं, फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. सोमवारी बंद असतं. घरी मिस्टर, सासूबाई आणि कॉलेजला जाणारी मुलगी. सगळे चांगले आहेत, कुणाबद्दल तक्रार नाही. गणपतीपुळ्याला आम्ही बरेचदा गेलोय, पण दरवेळी ट्रॅक्स भरून. मी समुद्रात पाय घालायच्या आत कुणाच्या तरी पोराचे ओले कपडे बदलायला बसलेली असते. रत्नागिरीत थिबा राजवाड्याची पाटी दिसली की मी म्हणते, थांबूया का? उत्तर ठरलेलं, 'पुढं उशीर होतोय.' आता मनात येतंय की एक दिवस एकटीनं एसटीनं जावं, राजवाडा बघावा, समुद्रावर बसावं आणि रात्री परत यावं. मुलगी म्हणते, मालवणला जा, किल्ला बघ. मिस्टर म्हणतात, 'एकटी जाऊन काय बघणार? सगळे मिळून जाऊ की.' सासूबाई काही बोलत नाहीत, पण बघतात. सोमवारी जाऊन आले तर चालेल का? आणि एकटं जाणं बरं दिसेल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बरं दिसेल. कोल्हापूर-रत्नागिरी एसटीत एकट्या बसलेल्या बायका रोज असतात. माहेरी निघालेल्या असतात, दवाखान्यात, कोर्टात, बाजाराला. त्यांना कुणी विचारत नाही. आपल्याला अवघडल्यासारखं होतं ते काम नसताना, फक्त बघायला म्हणून निघताना. ती अवघडलेपणाची जागा आपल्या मनात असते, गाडीत नसते. सासूबाई बघतात असं तुम्ही लिहिलंय. बघू देत. त्यांनाही कधी कुठं जायचं होतं का, हे एकदा निवांत विचारून बघा. त्यांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढं असेल तर राज्यात एसटीचा प्रवास त्यांना मोफत आहे. पण ही खेप तुमची एकटीची.

आता सोमवार. राजवाड्यात पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. म्हणजे तुमची सुट्टी आणि त्याची सुट्टी एकाच वारी. पत्र वाचताना मला वाटलं, खरी अडचण इथंच आहे, मिस्टरांच्या वाक्यात नाही. राजवाडा बघायचा तर तुम्हाला कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवावं लागेल. दुकान आजवर कशासाठी बंद राहिलं असेल त्याचा अंदाज मी करू शकते. नात्यातलं लग्न, कुणाचं दिवसकार्य, सासूबाईंचा दवाखाना, मुलीचं ॲडमिशन. तुमच्या स्वतःच्या कारणासाठी बहुतेक एकदाही नाही. म्हणून माझा सल्ला असा की सोमवार सोडा. बुधवारी दुकान बंद ठेवा. शटरवर कागद लावा, 'बुधवारी दुकान बंद राहील.' एवढंच लिहा, कारण लिहू नका. गिऱ्हाईक गुरुवारी येतं.

नुकसान होईल ही भीती खोटी नाही, म्हणून महिना नीट निवडू. दिवाळीच्या आधी तुम्हाला मान वर करायला वेळ नसतो, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. पण पौषात आपल्याकडं लग्नं धरत नाहीत, शिलाईचं काम मंदावतं. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचा हा काळ कोकणात जाण्यासाठी वर्षातला सगळ्यात सुखाचा. हवेत गारवा असतो, घामाच्या धारा नसतात, घाटात धुकं असलं तरी दरड कोसळायची धास्ती नसते. पावसाळ्यात आंबा घाट डोळ्याचं पारणं फेडतो हे खरं, पण एका दिवसात जाऊन यायचं असेल तर मी तेव्हा जा म्हणणार नाही. गाडी घाटात अडकली की दिवस तिथंच संपला.

आणि बुधवारच का? मंगळवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी यांतला कुठला उपवास तुम्ही धरता मला माहीत नाही, पण कोल्हापुरात बुधवार हा बिनधोक खाण्याचा वार. रत्नागिरीला जाऊन साबुदाण्याची खिचडी खाऊन येऊ नका.

तिथीही बघा, ही गोष्ट किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. तुम्ही किनाऱ्यावर दुपारी तीनच्या सुमाराला पोचणार, तेव्हा ओहोटी हवी, म्हणजे लांबरुंद ओली वाळू चालायला मिळते. त्यासाठी द्वादशी किंवा त्रयोदशी उत्तम. कॅलेंडर काढा आणि पौषात बुधवारी यांतली एखादी तिथी येते का बघा. बुधवार नाही जुळला तर शुक्रवार बघा. तोही नाही जुळला तर तिथी सोडा, वार धरा. भरतीचा समुद्रही बघण्यासारखाच असतो, फक्त वाळू थोडी मिळते.

मुलीनं मालवण सुचवलंय ते योग्य आहे, पण एका दिवसासाठी नाही. कोल्हापूरहून मालवण रत्नागिरीपेक्षा लांब, आणि सिंधुदुर्ग बघायचा तर जेट्टीवरून होडी, होडी भरेपर्यंत वाट बघणं, किल्ल्यात फिरणं, परत होडी. घड्याळाकडं बघत तो किल्ला बघणं मला पटत नाही. शिवाय आपलं त्या किल्ल्याशी नातं आहे. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं, आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि पुढं १८१२ च्या तहात इंग्रजांकडं जाईपर्यंत तो कोल्हापूरच्या छत्रपतींकडं होता. तिथं मुक्कामाला जा, मुलीला घेऊन जा. रत्नागिरी एकटीनं करा.

आता दिवस कसा घालवायचा ते सांगते. रत्नागिरी साधारण एकशे तीस किलोमीटर, एसटीनं चार तास धरा. रस्त्याचं काम कुठं चालू असेल तर त्यात अर्धा-पाऊण तास वाढवा. मध्यवर्ती बसस्थानकावरून पहाटेची, सहाच्या आसपासची गाडी पकडा. वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर जाऊन स्वतः विचारून या. महिलांना तिकीट निम्मं आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. मागच्या चाकाच्या पुढं, खिडकीची जागा घ्या. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर इथपर्यंत ओळखीचा मुलूख, आंबा गाव गेलं की गाडी उतरायला लागते. गाडी लागत असेल तर पोटात थोडं काहीतरी असू द्या, रिकामं पोट जास्त मळमळतं. पदराला आवळासुपारी असू द्या. साखरप्याला पोचेपर्यंत हवा बदललेली जाणवते, स्वेटर काढावासा वाटतो.

पाणी कमी पिऊन प्रवास करायची सवय बायकांना असते, ती या दिवशी मोडा. गाडी जिथं थांबेल तिथं उतरून जाऊन या, कंडक्टरला सांगून जा. तो थांबतो. हा विषय कुणी लिहीत नाही, पण निम्म्या बायका प्रवास टाळतात तो याच काळजीनं.

रत्नागिरीत उतरलात की स्टँडवर चहा घ्या आणि रिक्षा करून थेट राजवाड्यावर जा. दुसरं काही बघत बसू नका. इतकी वर्षं 'पुढं उशीर होतोय' ऐकलंय, तर तुमच्या दिवसाचे पहिले दोन तास त्याच जागेला असू देत.

त्या राजवाड्याबद्दल थोडं माहीत असलेलं बरं. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला गादीवरून उतरवलं आणि राणी सुपायालत व मुलींसह देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग बोटीनं रत्नागिरी. १८८६ च्या एप्रिलमध्ये तो इथं उतरला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मुद्दाम इतकं आडबाजूचं, डोंगर आणि समुद्राच्या मधलं गाव निवडलं होतं. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला त्याच इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतं. एकाचा बादशहा दुसऱ्याच्या देशात, आणि दुसऱ्याचा राजा आपल्याकडं. थिबाची धाकटी मुलगी रत्नागिरीतच जन्मली. सुरुवातीची बरीच वर्षं हे कुटुंब सरकारनं दिलेल्या बंगल्यांत राहिलं. तुम्ही बघाल तो राजवाडा १९१० मध्ये तयार झाला, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या हद्दपारीतली जेमतेम सहा वर्षं तो या वाड्यात राहिला. राणी १९१९ मध्ये परत गेली. राजाला मात्र परत जाता आलं नाही.

वाड्यात गेलात की लगेच आत शिरू नका. बाहेरून खिडक्या बघा. अर्धगोल खिडक्यांवर सागवानात नक्षी कोरलेली आहे. तुमचा हात रोज काठ आणि गळे करण्यात जातो, तुमची नजर त्या कोरीवकामावर इतर कुणापेक्षा जास्त वेळ टिकेल. कोपऱ्यात नक्षी कशी वळवलीय, दोन बाजू मधे कुठं जुळवल्यात, ते बघा. बघता बघता एखादा गळा सुचला तर कागदावर उतरवून घ्या. पर्समध्ये पेन्सिल असू द्या. भिंती जांभ्याच्या आहेत, उतरत्या छपराच्या. वाड्याच्या मागच्या बाजूला राजानं आणलेली बुद्धमूर्ती आहे, तिकडं बरेच लोक जात नाहीत, तुम्ही जा. आतल्या दालनांतल्या पाट्या सगळ्या वाचायच्या असं काही नाही. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी उभं राहा, वेळ घ्या. मागून कुणी हाक मारणार नाही.

तिथून थिबा पॉइंट जवळ आहे. खाली भाट्याची खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ते मुख, पलीकडं माडांची रांग. ऊन फार तापायच्या आत बघून घ्या. राजाची समाधीही रत्नागिरीतच आहे, शिवाजीनगर भागात, त्याची आणि धाकट्या राणीची. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथं येऊन गेले होते. वाट वाकडी करून जायची इच्छा झाली तर रिक्षावाल्याला सांगा. नाही झाली तर राहू दे.

जेवायला साडेबाराला जा, गर्दी व्हायच्या आधी. एकटीनं खानावळीत जेवणं हे कित्येक बायकांना एकटीनं प्रवास करण्यापेक्षा अवघड जातं, मला त्याचं नवल वाटत नाही. दारात उभं राहून कोपरा शोधू नका. आत जा, भिंतीकडं पाठ करून बसा आणि पाणी यायच्या आतच सांगून टाका, "एक सुरमई थाळी, आणि सोलकढी जास्तीची." सुरमई महाग वाटली तर बांगडा, चवीला तो कुठं कमी नाही. "बरोबर कोणी आहे का?" असं वेटर विचारेल, ते टेबल किती जणांचं लावायचं म्हणून विचारतो. "मी एकटीच आहे" म्हणायचं. मोबाईल काढून त्यात डोकं घालू नका. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची जीभ आहे तुमची, नारळाचं वाटण आधी सपक वाटेल. दोन घास गेले की लागेल.

दुपारी टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर बघा. २३ जुलै १८५६ ला टिळक तिथं जन्मले आणि दहा वर्षांचे असताना घर पुण्याला गेलं. घर कौलारू, साधं, कोकणी पद्धतीचं. फोटो आणि कागद आहेत, पण मला तिथं ओटी आणि माजघर जास्त बोलकं वाटतं. अर्धा तास पुरतो. तिथून पतितपावन मंदिर करता येईल. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७. त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशानं १९३१ मध्ये हे मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना खुलं असलेलं. शाहू महाराजांच्या गावातून आलेल्या बाईला ते बघावंसं वाटेल. पण दमला असाल तर सोडा. रत्नदुर्ग किल्ला, पावस, गणपतीपुळे यांतलं काहीही या दिवशी करू नका. रिक्षावाला 'एवढ्या लांब आलायसा तर' म्हणून आग्रह करेल. नको म्हणा.

तीन वाजता भाट्याच्या किनाऱ्यावर असा. मांडवीही छान आहे, जेट्टीवर माणसं असतात, वाळू काळी आहे. पण चालायला भाटे. लांब सपाट वाळू, मागं सुरूची झाडं. चप्पल हातात घ्या आणि ओल्या वाळूवरून चाला. घोट्यापर्यंत पाण्यात जा, त्यापुढं नको. नदीचं मुख जवळ आहे, वरून शांत दिसलं तरी पाण्याला ओढ असते, आणि एकट्या माणसानं तर अजिबात धाडस करू नये. पाय भिजवून झाले की बसा. कुणाचे कपडे बदलायचे नाहीत, कुणाला भूक लागलेली नाही. पहिली दहा मिनिटं विचित्र जातील, हात रिकामे राहतील, घरी फोन करावासा वाटेल. करू नका. पोचल्याचा फोन सकाळी झालेला आहे, गाडीत बसल्यावर दुसरा करायचा आहे. मधला वेळ तुमचा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. रिक्षात बसताना नंबरचा फोटो मुलीला पाठवा. दिवस मावळायच्या आत किनारा सोडा. थोडे पैसे पर्सबाहेर वेगळे ठेवा. अडचण आलीच तर ११२. रत्नागिरी हे घाबरायचं गाव नाही, तरी एवढं करावं.

आता घर. मिस्टरांचं म्हणणं प्रेमानंच आलेलं आहे, पण त्यावर वाद घालू नका आणि परवानगीही मागू नका. "जाऊ का?" म्हटलंत की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि काळजी करणारं माणूस 'नको' म्हणतं. आठवडाभर आधी, जेवण झाल्यावर, सगळ्यांसमोर सांगा, "येत्या बुधवारी मी रत्नागिरीला चाललेय. पहाटेच्या गाडीनं जाणार, रात्री साडेनऊपर्यंत परत येणार." ते म्हणतील, मी पण येतो. तर म्हणा, "मालवणला आपण जाऊ. ही माझी एकटीची." त्यांना एखादे वेळी थोडं लागेल. लागू दे, दोन दिवसांत निवळेल. नवरा वाईट असायला लागत नाही एकटीनं जावंसं वाटायला.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. जायच्या आदल्या रात्री जागून सगळ्यांचा दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवू नका. भाकरी थापून, कालवण झाकून, सासूबाईंच्या गोळ्या पुड्यांत बांधून, पहाटे चारला उठून डबे भरून मग निघालात तर गाडीत झोप लागेल आणि घाट डोळ्यांसमोरून निघून जाईल. सुट्टीची किंमत दुप्पट कामानं चुकवायची नसते. मुलगी कॉलेजला जाते म्हणजे भात-आमटी करू शकते. गोळ्या कुठल्या कधी द्यायच्या ते मिस्टरांना एकदा दाखवा. एरवीही ते माहीत असायला हवं.

परतीची गाडी पाचच्या आसपासची धरा आणि तिचं आरक्षण जायच्या आधीच करा, मोबाईलवर होतं. ते नसेल तर समुद्रावर बसूनही तुमचं लक्ष घड्याळात राहील. गाडी चुकलीच तर स्टँडवर पुढच्या गाडीची चौकशी करा, घरी कळवा आणि रात्री फारच उशीर होणार असेल तर स्टँडजवळच्या चांगल्या लॉजवर राहून सकाळी या. आधार कार्ड बरोबर असू द्या. खरेदी काही केलीच पाहिजे असं नाही. हापूस त्या दिवसांत नसतो, आंबापोळी, कोकम नाहीतर काजू घ्यायचे तर रामआळीत मिळतात, पण स्टँडवर जायच्या वाटेवर दहा मिनिटांत उरका. घरी आल्यावर सगळ्यांना काय काय बघितलं ते सांगायचं की नाही, किती सांगायचं, तेही तुमचं तुम्ही ठरवा.